आफ्रिकन स्टडीजमध्ये मास्टर्स करायचंय? आधी प्रश्न लहान करा

मार्कशीट, पासपोर्ट, आयईएलटीएस हे तुमचं तुम्ही करालच, त्यावर लिहीत बसत नाही. कोर्स निवडणंही फार अवघड नाहीये. लंडनच्या सोआस या विद्यापीठात एक वर्षाचं एमए आहे, नेदरलँड्समध्ये लायडनला एक वर्षाचंही आहे आणि दोन वर्षांचं रिसर्च मास्टर्सही, ज्यात आफ्रिकेत जाऊन फील्डवर्क करावं लागतं. आणि घानात लेगोनला, म्हणजे घाना विद्यापीठात, इन्स्टिट्यूट ऑफ आफ्रिकन स्टडीज आहे, 1963 मध्ये खुद्द घानाचे पहिले राष्ट्राध्यक्ष एन्क्रुमा यांनी उद्घाटन केलेली. आपल्याकडे सल्ला देणारे लेगोनचं नावच घेत नाहीत. आफ्रिकेचा अभ्यास आफ्रिकेत जाऊन करायचा, यात कुणाला नवल का वाटावं? यादीत ते हवंच.

आता खरी अडचण, एसओपी, म्हणजे काय आणि का शिकायचंय हे सांगणारा अर्जासोबतचा निबंध. मला स्वतःला सगळ्यात जास्त वेळ इथेच लागला आणि आजवर ज्यांचे ज्यांचे मसुदे वाचले ते बहुतेक इथेच अडकलेले दिसले. सुरुवात ठरलेली असते, "आफ्रिकन संस्कृतीबद्दल मला लहानपणापासून आकर्षण आहे". हे वाक्य खोडा. 54 देश आणि हजारभराहून जास्त भाषा असलेल्या खंडाची एक संस्कृती नसते, आणि वाचणारा माणूस त्यातल्या एखाद्याच भागावर आयुष्यभर काम करत आलेला असतो, त्याला पहिल्याच ओळीत कळतं की तुम्ही अजून काहीच वाचलेलं नाही.

मग करायचं काय, तर कुठे, कधी आणि कुणाचं, या तिन्हीची उत्तरं एका वाक्यात बसेपर्यंत विषय कापत जायचं. समजा तुम्ही लिहिलंय "स्वातंत्र्यानंतरच्या आफ्रिकेतला ग्रामीण विकास". यावर मास्टर्सचा प्रबंध होत नाही, दहा जणांची पीएचडी होईल. आधी टांझानिया धरा. मग 1967 च्या अरुशा जाहीरनाम्यानंतरची (त्यात देशाचं समाजवादी धोरण जाहीर झालं) उजामा गावं धरा, म्हणजे राष्ट्राध्यक्ष न्येरेरेंच्या सरकारने विखुरलेल्या वस्त्या एकत्र आणून वसवलेली गावं, सुरुवातीला लोकांच्या मर्जीने आणि पुढे पुढे सक्तीने. मग डोडोमा भाग. आणि शेवटी प्रश्न असा होतो की त्या भागातल्या गोगो समाजाच्या कुटुंबांना नव्या गावात हलवलं तेव्हा त्यांनी गुरं कुठे ठेवली, कुरणांचं काय झालं? बघा, आता यात माणसं दिसायला लागली. प्रश्न फार लहान झाला अशी भीती वाटेल, वाटू दे, लहानच हवा.

पण इथे थांबू नका, कारण पुढचा परिच्छेद बहुतेक लोक लिहितच नाहीत. या प्रश्नाचं उत्तर कुठे सापडणार आणि ते तुम्हाला वाचता येणार का? सरकारी कागद काही इंग्रजीत मिळतील, पण त्या काळची वर्तमानपत्रं स्वाहिलीत, म्हणजे टांझानियाच्या राष्ट्रभाषेत आहेत, आणि गावातली म्हातारी माणसं घरात आपली गोगो भाषा बोलतात. म्हणजे स्वाहिली शिकावी लागणार आणि मुलाखतींना गोगो जाणणारा सोबती लागणार. हे स्पष्ट लिहा. "इंग्रजीवर भागतं" असं सांगणाऱ्यांचं अजिबात ऐकू नका, इंग्रजीवर भागवलं की तुम्हाला फक्त अधिकाऱ्यांची बाजू कळते. अर्ज करायच्या आधीच भाषा सुरू करा. स्वाहिली रोमन लिपीत लिहितात त्यामुळे वाचन पटकन जमतं, नामांचे वर्ग डोक्यात बसायला मात्र वेळ लागतो. दिल्ली विद्यापीठाचा आफ्रिकन स्टडीज विभाग 1955 पासून आहे, तिथे स्वाहिली शिकवतात.

मराठी मुलांना खास सांगायचंय. मलिक अंबर किंवा जंजिऱ्याचे सिद्दी घ्यायचा मोह होतो, विषय चांगलाच आहे, पण त्यात इथिओपिया कुठे आहे ते आधी स्वतःला विचारा. अंबर तिथून गुलाम म्हणून कसा निघाला, लाल समुद्राच्या वाटेवर हा व्यापार कोण करत होतं, यावर काहीच नसेल तर तो दख्खनचा इतिहास झाला, त्यासाठी लंडनला जायची गरज नाही. उलट गोव्याकडे कुणी बघत नाही. 1752 पर्यंत मोझांबिकचा कारभार गोव्यातून चालायचा, त्याचे कागद पणजीच्या पुराभिलेखागारात आहेत, पोर्तुगीज येत असेल किंवा शिकायची तयारी असेल तर याच्याइतकं हाताशी असलेलं साहित्य दुसरं नाही.

वाचायला कलिनाला जा, मुंबई विद्यापीठाचं आफ्रिकन स्टडीज सेंटर तिथे 1971 पासून आहे. शिफारसपत्र तुमचं लिखाण वाचलेल्या शिक्षकांकडून घ्या, मोठ्या पदावरच्या ओळखीच्या माणसाकडून नको. इंग्लंडसाठी ब्रिटिश सरकारची चेव्हनिंग शिष्यवृत्ती बघा, पण त्याला दोन वर्षांचा कामाचा अनुभव लागतो आणि नंतर दोन वर्षांसाठी मायदेशी परतावं लागतं.

घानाला जाणार असाल तर यलो फीव्हरची लस प्रवासाच्या निदान 10 दिवस आधी घ्यावी लागते आणि ती कुठल्याही दवाखान्यात मिळत नाही, सरकारमान्य केंद्रातच मिळते, तेव्हा तिकीट काढलंत की लगेच अपॉइंटमेंट घ्या. लस घेतल्याचं पिवळं कार्ड मिळतं, ते पासपोर्टसोबतच ठेवा, भारतात परत येतानाही ते दाखवावं लागतं आणि नसेल तर क्वारंटाइनमध्ये ठेवू शकतात.