अप्रिसिटी: थंडीतल्या उन्हाच्या उबेसाठीचा इंग्लिश शब्द कसा वापरायचा

डिसेंबरात सकाळी आठच्या सुमारास गंगापूर रोडवरच्या आमच्या बिल्डिंगच्या गच्चीवर आलात तर चार-पाच आज्या उन्हाकडे पाठ करून बसलेल्या दिसतील, डोक्याला स्कार्फ, हातात मटार सोलायला. हवा गार, फरशीवर अनवाणी पाय ठेववत नाही, पण पाठीवर जी हळूहळू ऊब चढते ना, नेमकी तीच म्हणजे अप्रिसिटी. ऊन नाही, उजेड नाही, थंडीत उन्हाने मिळणारी ऊब.

शब्द जुना आहे. हेन्री कॉकरम नावाच्या माणसाने १६२३ साली अवघड इंग्लिश शब्दांची एक डिक्शनरी छापली, त्यात तो आहे आणि अर्थ दिलाय तो साधारण हिवाळ्यातल्या उन्हाची ऊब असाच. पुढे तो फारसा कोणी वापरलाच नाही. मुळाशी लॅटिनमधला अप्रिकस आहे, म्हणजे उन्हात असलेला, ऊन लागणारा. अप्रिकॉट म्हणजे जर्दाळूशी त्याचा संबंध लावू नका, त्या नावाचं मूळ लवकर पिकणारं फळ अशा अर्थाच्या वेगळ्याच लॅटिन शब्दात आहे.

उच्चार करताना जोर 'प्रि'वर द्यायचा, सिम्प्लिसिटीत 'प्लि'वर देतो तसा. एप्रिल सारखं एप्रिसिटी म्हणू नका.

आता वापर. माझ्या भाचीने कॉलेजच्या असाइनमेंटमधे लिहिलं होतं, 'द अप्रिसिटी ऑफ मे वॉज अनबेअरेबल'. हे चुकलंच, कारण मे महिन्यात नाशकात ऊन भाजतं, आणि या शब्दात मुळात आजूबाजूला थंडी असायलाच हवी. मी तिला म्हटलं, अगं, वाक्यात आधी गारठा आण, मग ऊब आण. मग तिने लिहिलं, 'वी सॅट ऑन द कोल्ड स्टेप्स ऑफ रामकुंड, ग्रेटफुल फॉर द अप्रिसिटी'. आता बघा, पायऱ्या गार आहेत म्हणून ऊब कळते. तसंच 'अप्रिसिटी केम थ्रू द विंडो अँड लिट द रूम' हेही नको, खोली उजळते ती उजेडाने, अप्रिसिटी अंगाला लागते. आणि हे भाववाचक नाम आहे, वॉर्म्थ सारखं, त्यामुळे 'ॲन अप्रिसिटी' किंवा अनेकवचन करायच्या भानगडीत पडू नका.

याचं क्रियापदही आहे, ॲप्रिकेट, आणि ते आपल्याला तर एकदम सोपं जायला पाहिजे कारण मराठीत त्याला आपण सरळ ऊन खाणं म्हणतो. 'आजी इज ॲप्रिकेटिंग ऑन द टेरेस' म्हणजे आजी गच्चीवर ऊन खात बसलीये. मला तर आपलं ऊन खाणंच जास्त आवडतं, पोटात गेल्यासारखं वाटतं ते. नामासाठी मात्र मराठीत असा एकच शब्द मला तरी सापडला नाही, कोवळं ऊन म्हटलं तर ते सकाळचं कुठल्याही ऋतूतलं असू शकतं आणि ऊब म्हटलं तर ती गोधडीची पण असते, म्हणून भाषांतर करताना 'थंडीतल्या उन्हाची ऊब' असं पूर्णच लिहा, लांब झालं तरी चालेल.

हवा गार असून अंग कसं तापतं हे कळलं की शब्द डोक्यात पक्का बसतो. सूर्याचे किरण हवेला फारसं न तापवता थेट कपड्यांवर, कातडीवर पडतात आणि तिथे शोषले जातात, गडद स्वेटर असेल तर अजूनच जास्त. वारा सुटला की ही ऊब लगेच उडून जाते, म्हणून आज्या आडोसा बघूनच बसतात.

फक्त कुठे वापरायचा ते बघा. ऑफिसच्या मेलमधे किंवा इंटरव्ह्यूत टाकला तर समोरचा अडखळेल, स्पेलचेक तर बहुतेक वेळा लाल रेघ ओढतोच. कविता, प्रवासवर्णन, मित्राला लिहिलेलं पत्र, इथे छान बसतो, आणि पहिल्यांदा आणताना बाजूच्या वाक्यात अर्थ कळेल असं काहीतरी ठेवा. निफाडला पारा ५ अंशांच्या आसपास उतरतो, रात्री द्राक्षबागेत शेकोट्या पेटवाव्या लागतात, त्या रात्रीनंतर बांधावर बसून चहा पिणाऱ्या शेतकऱ्याच्या पाठीवर पडणाऱ्या पहिल्या उन्हासाठी हा शब्द वापरलात तर वाचणाऱ्याला डिक्शनरी उघडावी लागणार नाही.