‘मिनरल’ लिहिलंय म्हणून घेतलं? रोजचा मेकअप घेताना या चुका टाळा

“ताई, पावडर मिनरलच आहे, मग काही होणार नाही ना?” डोंबिवलीतल्या माझ्या पार्लरमध्ये हा प्रश्न आठवड्यातून चारदा तरी येतो. गंमत म्हणजे विचारणारीच्या गालावर तोवर काहीतरी झालेलंच असतं. म्हणून एकदा सगळं लिहूनच टाकते. पुढच्या वेळी लिंक पाठवीन आणि माझा चहा गरम असताना पिईन.

पहिली आणि सगळ्यात मोठी चूक: खोक्याची पुढची बाजू वाचणं

मिनरल म्हणजे खनिज, बस. टिटॅनियम डायऑक्साइड, झिंक ऑक्साइड, अभ्रक आणि रंगासाठी आयर्न ऑक्साइड ही या पावडरींमधली नेहमीची मंडळी. आजीच्या डब्यातली टाल्कम पावडरही खनिजच, आणि शिसं नि आर्सेनिकही खनिजांतूनच येतात. रंगात शिसं दहा लाख भागांत २० आणि आर्सेनिक २ भागांच्या वर नको, अशी मर्यादा घालावी लागते ती उगाच नाही. ‘मिनरल’ या शब्दाला मात्र कायद्यात वेगळी व्याख्या नाही. त्यामुळे भरपूर टाल्क, चमक आणि गुलाबाचा वास घातलेला कॉम्पॅक्टही ऐटीत ‘मिनरल’ म्हणून विकला जातो.

आता माझीच फजिती सांगते. माझी एक जुनी गिऱ्हाईक बँकेत कॅश काउंटरवर बसते. रोज सकाळी डोंबिवलीहून फास्ट लोकल पकडायची. एका मे महिन्यात रडवेली होऊन आली. गाडीने मुंब्रा सोडलं की गालांना आणि जबड्याच्या कडेला टोचल्यासारखी खाज सुटायची. ऑफिसात पोहोचेपर्यंत चेहरा लाल, आणि पावडर धुतली की तासाभरात शांत. मी अगदी आत्मविश्वासाने सांगितलं, “घामोळं आहे.” फेसवॉश बदलायला लावला. आठवड्याने उशीचे अभ्रे बदलायला लावले. मग वरून एक महागडा प्रायमर (मेकअपच्या आधी लावायचं क्रीम) दिला, म्हणजे आगीत तेलच. तिकडे सासूबाईंनी वांगं बंद केलं, कारण खाज म्हटली की पहिला बळी वांग्याचा.

तीन आठवडे असेच गेले. मग ती सहज बोलून गेली, “रविवारी अजिबात होत नाही बघा.” रविवारी ती पावडर लावत नव्हती. तेव्हा कुठे मी तिचा डबा उलटा केला आणि बारीक अक्षरांतल्या यादीत दुसऱ्याच क्रमांकावर नाव दिसलं: बिस्मथ ऑक्सिक्लोराइड.

हा मोत्यासारखा चमकणारा पांढरा पदार्थ. पावडर मऊ लागते, गालाला चिकटून बसते, दुकानात हातावर घासली की मन हरखतं. सगळ्यांना तो त्रास देत नाही. पण काहींना, विशेषतः घाम आला की, टोचतो, खाजतो. लोकलच्या डब्यात मे महिन्यात घाम येणारच. पावडर तिला मी सुचवली नव्हती, एवढंच माझं नशीब. पण तीन आठवडे डबा न वाचता सल्ले देत होते, हे कबूल करायला हवं.

तेव्हापासूनची माझी सवय: मागच्या यादीचा मोबाइलवर फोटो काढायचा, मोठा करायचा, पहिली पाच नावं वाचायची. जास्त प्रमाणातला घटक आधी, असा यादीचा नियम आहे. एक टक्का आणि त्याहून कमी असलेले घटक मात्र कुठल्याही क्रमाने येऊ शकतात. बिस्मथ दिसलं (कधी नुसता सीआय ७७१६३ असा रंगाचा क्रमांक लिहितात) आणि तुम्हाला घाम जास्त येत असेल, तर डबा परत ठेवा. परफ्यूम दिसला तरीही ठेवा, मग पुढे कितीही फुलं छापलेली असोत. यादीच नसेल, उत्पादकाचा परवाना क्रमांक किंवा आयात नोंदणी क्रमांक नसेल, तर दुकानदार कितीही ओळखीचा असला तरी नको.

आणि ‘केमिकल-फ्री’ वाचून भुलू नका. मेकअपमधलं आयर्न ऑक्साइड खाणीतून फावड्याने भरत नाहीत, ते कारखान्यात तयार करतात, आणि ते चांगलंच आहे. त्यामुळेच नको असलेले धातू बरेचसे बाहेर राहतात.

“उद्याच फंक्शन आहे”

ही ओळ ऐकली की माझं डोकं फिरतं. नवी पावडर उद्याच्या कार्यक्रमाला पहिल्यांदा लावायची नसते, म्हणजे नसतेच. कोपराच्या आतल्या बाजूला रुपयाएवढ्या जागेवर दिवसातून दोनदा, सात दिवस लावा. मग आठवडाभर एकाच गालावर, आपल्या नेहमीच्या प्रवासात, नेहमीच्या घामात. लोक हसतील, हसू द्या. दोन मिनिटं मनगटावर लावून “काही झालं नाही” म्हणणाऱ्या मुली मला माहीत आहेत. ॲलर्जीची पुरळ बऱ्याचदा दोन दिवसांनी उठते. चेहरा सुजला, पाणी सुटू लागलं तर माझ्याकडे नको, थेट त्वचेच्या डॉक्टरांकडे जा.

शेड मनगटावर बघणं

मनगट सावळं असतं की गोरं, याचा चेहऱ्याशी संबंध नाही. त्यात दुकानातला पांढरा दिवा. त्यावर “एक शेड उजळ द्या ना.” आपल्याकडच्या पिवळसर, सावळ्या, गव्हाळ कांतीवर उजळ शेडमधलं टिटॅनियम आणि झिंक राखाडी दिसतं. भाकरी थापताना गालाला पिठाचा हात लागावा, अगदी तसं. मग हळदीकुंकवाच्या फोटोत फ्लॅश पडला की साडी झकास, गळा सावळा आणि तोंड पांढरंफटक. असे फोटो मला दर संक्रांतीला कोणी ना कोणी दाखवतं, आणि वर विचारतं की कॅमेरा खराब आहे का!

मी काय करते ते सांगते. जबड्यावर तीन शेडचे तीन पट्टे ओढते आणि बाईला गॅलरीत उजेडात उभं करते. एक पट्टा गळ्यात मिसळून दिसेनासा होतो. तो आपला. पण लगेच पैसे द्यायचे नाहीत. अर्धा तास थांबायचं, चहा प्यायचा, पुन्हा बघायचं. कारण चेहऱ्याचं तेल पावडरीत मुरलं की रंग गडद दिसतो. याला सगळ्या जणी “ऑक्सिडाइज झालं” म्हणतात. अहो, आयर्न ऑक्साइड आधीच ऑक्साइड आहे, ते अजून काय होणार? कोरड्या मातीवर पाणी पडलं की ती गडद दिसते, बऱ्याच अंशी तोच प्रकार. तेलकट चेहऱ्याच्या बाईने म्हणून दोन शेडमध्ये अडकल्यावर फिकी घ्यावी, कोरडीने जुळणारीच.

थरावर थर देऊ नका. पोळी लाटताना पिठी लावतो तेवढीच पावडर. जास्त लावली की पोळी जशी कोरडी पडते तसाच चेहराही. मॉइश्चरायझर लावून पाच-दहा मिनिटं थांबा. ओल्या गालावर पावडर गेली की चट्टे पडतात आणि दोष पावडरीला मिळतो.

“यातच एसपीएफ आहे, मग सनस्क्रीन कशाला?”

हिशेबच करू. एसपीएफ, म्हणजे उन्हापासून किती संरक्षण मिळतं तो आकडा, मोजताना दर चौरस सेंटिमीटरला २ मिलिग्रॅम लावून मोजतात. चेहरा साधारण ६०० चौरस सेंटिमीटर धरला तर १.२ ग्रॅम होतात. ८ ग्रॅमचा डबा त्या हिशेबाने आठवड्याच्या आत संपेल, आणि तुमचा तो सहा महिने चालतो. आता सांगा, ऊन कोण अडवतंय? सनस्क्रीन खाली हवंच. चेहऱ्यावर वांग (काळसर डाग) असेल तर रंगीत सनस्क्रीन घ्या, कारण त्यातलं आयर्न ऑक्साइड डोळ्यांना दिसणारा उजेडही काही प्रमाणात अडवतं, आणि वांग त्या उजेडानेही गडद होतो.

आता बाकीच्या, झटपट:

ब्रश न धुणं. मी दर रविवारी बेबी शाम्पूने धुते आणि आडवा वाळवते. उभा ठेवला तर पाणी दांड्यात उतरतं, गोंद सुटतो. पावसाळ्यात दोन ब्रश ठेवा, एक वाळतच नाही.

ओल्या हाताने किंवा ओल्या ब्रशने डब्यात शिरणं. नको.

पंख्याखाली सुट्टी पावडर उघडणं, वरून फुंकर मारणं. ती नाकात जाते. झाकणात चिमूटभर घ्या, ब्रश गोल फिरवा, कडेवर टिचकी मारा. दमा असेल तर दाबलेली पावडरच बरी. मुरुमं येत असतील तर मात्र तिच्या यादीत तेलं आहेत का तेही बघा, वडी बांधायला बऱ्याचदा तेल लागतं.

खोबरेल तेलाने मेकअप पुसून तसंच झोपणं. केसांना खोबरेल उत्तम, मुरुमांच्या चेहऱ्याला नाही. “मिनरल आहे, लावून झोपलं तरी चालतं” हे तर मी ऐकूनच घेत नाही.

ब्लशमधला सुंदर लाल रंग खनिजच असेल असं धरून चालणं. चतुर्मासात कांदा-लसूणही न खाणाऱ्या एका वहिनींच्या पर्समधल्या ब्लशवर सीआय ७५४७० होतं. म्हणजे कारमाइन, वाळवलेल्या किड्यांपासून काढलेला रंग. मी सांगितलं, आणि त्या बराच वेळ काही बोलल्याच नाहीत.

ती बँकवाली परवाच आली होती. नवी पावडर साधी आहे, चमक नाही, वास नाही, मुंब्र्याच्या पुढेही गाल शांत. मी विचारलं, मग आता घरात भरली वांगी होतात ना? म्हणाली, “छे हो, सासूबाई म्हणतात, वांगं बंद केलं म्हणूनच बरं वाटलं.”