कोरल मिटलंय? औषधाची बाटली आधी खाली ठेवा

हे सगळं घरच्या खाऱ्या पाण्याच्या टँकमधल्या मऊ कोरलबद्दल (प्रवाळाबद्दल) आहे: लेदर, मश्रूम, झोआ (झोआन्थिड) हे त्याचे प्रकार. दगडी कोरलना 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याचं संरक्षण आहे, ती घरी आणायचीच नाहीत.

आधी तापमान आणि खारटपणा मोजा. तापमान 24 ते 26 अंश आणि खारटपणा (विशिष्ट घनता) 1.025 च्या आसपास हवा. कोल्हापुरात एप्रिल-मेच्या उन्हात आपण टँकवर पंखा लावतो. पाणी गार होतं, पण वाफ होऊन उडतं, मीठ मात्र मागेच राहतं आणि खारटपणा चढतो. म्हणून रोजची भर आरओच्या गोड्या पाण्याचीच घाला, मिठाच्या पाण्याची नाही.

रंग उडून पांढरं पडलं, पण मांस शाबूत आहे? उष्णता किंवा जास्त उजेड. लाइट कमी करा.

आता लेदर. मला सगळ्यात जास्त वेळ हेच ओळखायला लागला. लेदर अधूनमधून कात टाकतं. पॉलिप (अंगावरची फुलासारखी छोटी तोंडं) आत ओढून घेतं, अंगावर मेणचट, चकचकीत पापुद्रा येतो आणि आठवडाभर, कधी त्याहून जास्त, ते मेल्यासारखं दिसतं. हा आजार नाही! ब्रशने घासू नका, डिप देऊ नका (म्हणजे औषधी पाण्यात बुडवू नका), जागा बदलू नका. वेव्हमेकरचा (टँकमधलं पाणी हलवणाऱ्या पंपाचा) प्रवाह थोडा वाढवा, पापुद्रा आपोआप सुटतो. अशा वेळी रोज एक नवीन उपाय करणारे लोक धडधाकट कोरल मारतात, हे मी ठामपणे सांगतो.

सडणं वेगळं दिसतं. पापुद्रा सगळ्या अंगावर असतो, सड एका जागी सुरू होते. तिथे काळपट-तपकिरी डाग पडतो, कडा विरघळतात, बोटाला लगदा लागतो. वासावर जाऊ नका, निरोगी लेदरलाही उग्र वास असतो. हातमोजे घालून बुंधा दाबून बघा: घट्ट असेल तर थांबा, गिळगिळीत असेल तर थांबू नका. कोरल बाहेर काढा, धारदार ब्लेडने सडका भाग थोड्या चांगल्या मांसासकट कापा आणि टँकच्याच पाण्याने वेगळ्या भांड्यात धुवून परत ठेवा. फिल्टरमध्ये ताजा कार्बन (रसायनं शोषणारा कोळसा) घाला, कारण जखमी लेदर पाण्यात विषारी रसायनं सोडतं.

झोआ मिटलेले असतील तर रात्री टॉर्च लावून त्यांना खाणाऱ्या गोगलगायी शोधा. झोआ हाताळताना हातमोजे आणि चष्मा हवाच. त्यांचा दगड गरम पाण्यात कधीही टाकू नका. त्यांच्यातलं पॅलिटॉक्सिन हे विष वाफेतून माणसालाही घातक ठरतं.