फोर बाय फोर पिकअप टो करताय? आधी ट्रान्सफर केस बघा

बंद पडलेला फोर बाय फोर पिकअप दुसऱ्या ट्रकमागे चारही चाकांवर न्यायचा असेल तर नुसता गिअर न्यूट्रल करून भागत नाही, कारण चाकं फिरली की त्यांना गिअरबॉक्सशी जोडणारा दांडा, म्हणजे प्रोपेलर शाफ्ट, फिरतो आणि इंजिन बंद असल्याने ऑटोमॅटिक गिअरबॉक्समध्ये तेलच फिरत नाही, मग आतलं सगळं कोरडं घासतं. ट्रान्सफर केसला, म्हणजे गिअरबॉक्सची ताकद पुढच्या-मागच्या चाकांना वाटणाऱ्या डब्याला, वेगळा न्यूट्रल असेल तर तो टाका, मॅन्युअल बुकात लिहिलंय तसंच. नुसती टू एच (दोन चाकं), फोर एच (चार चाकं), फोर एलची (चार चाकं, कमी वेगाला) नॉब असेल आणि न्यूट्रल नसेल तर सरळ फ्लॅटबेड, म्हणजे गाडी पूर्ण वर चढवून नेणारा ट्रक, बोलवा, पैसे जातील पण गिअरबॉक्स वाचेल.

आणि हे नीट लक्षात घ्या, ट्रान्सफर केस न्यूट्रलला गेली की पहिला गिअर किंवा ऑटोमॅटिकचा पी (पार्क) गाडी धरत नाही, फक्त हँडब्रेक धरतो, म्हणून आधी चाकाला दगड लावा, मगच लिव्हर हलवा.

किल्ली अशी ठेवा की स्टिअरिंग लॉक होणार नाही. इंजिन बंद म्हणजे स्टिअरिंग जड आणि ब्रेकही दगडासारखा, दोन-तीन वेळा दाबला की ब्रेक हलका करणाऱ्या बूस्टरचा जोर संपतो, त्यामुळे पुण्यात कात्रजच्या नव्या बोगद्याकडून नवले पुलाकडे उतरताना दोर अजिबात नको, मागची गाडी पुढच्यावर आदळते, लोखंडी टो बारच लावा. दोन गाड्यांत 5 मीटरपेक्षा जास्त अंतर नको, स्पीड ताशी 25 च्या आत, आणि मागे पार्किंग लाइट चालू.