राष्ट्रीय गुणवत्ता धोरणात उद्दिष्ट कसं ठरवावं आणि कृती आराखडा कसा आखावा

‘देशातल्या वस्तूंचा दर्जा उंचावणे’ हे वाक्य धोरणाच्या मसुद्यात छान दिसतं, पण त्यावरून कोणी, काय, कधी करायचं ते कळत नाही. विद्यार्थी, अधिकारी किंवा व्यापारी संघटनेचे सभासद म्हणून अशा मसुद्यावर काम करायची वेळ आली, तर सोन्याच्या हॉलमार्कचं, म्हणजे शुद्धता तपासून दागिन्यावर मारलेल्या शिक्क्याचं, उदाहरण समोर ठेवा. तिथे हे काम टप्प्याटप्प्याने झालेलं दिसतं.

१. आधी तक्रार लिहा, मग उद्दिष्ट. गिऱ्हाईक २२ कॅरेटचे पैसे मोजतं आणि हाती कमी कसाचा दागिना येतो, ही तक्रार. त्यावरून उद्दिष्ट असं: अमुक तारखेपासून अमुक जिल्ह्यांत विकला जाणारा सोन्याचा दागिना तपासलेला आणि शिक्का मारलेला असेल. वस्तू, जागा, तारीख आणि पडताळता येईल अशी अट, चारही गोष्टी आल्या. नुसतं ‘जागृती करणे’ लिहिलंत, तर वर्षअखेरीला पोस्टरच मोजावी लागतील.

२. तपासणार कोण, ते तारखेआधी ठरवा. माझ्या मते बहुतेक मसुदे इथेच अडकतात. भारतात सोन्याच्या हॉलमार्कची योजना २००० साली ऐच्छिक म्हणून सुरू झाली. सक्ती आली थेट २३ जून २०२१ ला, आणि तीही २५६ जिल्ह्यांपुरती. निकष साधा होता: जिल्ह्यात निदान एक हॉलमार्किंग केंद्र हवं. केंद्र नसलेल्या ठिकाणी सक्ती केली असती, तर छोट्या सराफाला माल जोखीम पत्करून दुसऱ्या जिल्ह्यात पाठवावा लागला असता. पुढे १ जून २०२२ पासून ३२ आणि सप्टेंबर २०२३ मध्ये ५५ जिल्हे वाढले.

केंद्र उघडलं की झालं, असंही नाही. कस किती हवा ते आयएस १४१७ हे भारतीय मानक सांगतं, तो अग्निपरीक्षेने, म्हणजे नमुना भट्टीत तापवून, कसा काढायचा ते आयएस १४१८. केंद्राची मोजमापं बिनचूक आहेत ना, हे पडताळायला शुद्ध सोन्याचा प्रमाणित नमुना लागतो. दिल्लीची राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळा, भाभा अणुसंशोधन केंद्र आणि मुंबईची टांकसाळ यांनी मिळून ९९.९९ टक्के शुद्धतेचा असा नमुना तयार केला. तुमच्या वस्तूसाठी ही साखळी कागदावर काढा. जी कडी नाही, ती उभी करणं हेच आराखड्यातलं पहिलं काम.

३. प्रत्येक कामापुढे एकच जबाबदार कार्यालय लिहा. सोबत मुदत आणि खर्च. ‘सर्व संबंधित विभाग’ लिहिलं की ते काम कोणाचंच राहत नाही.

४. सूट आधीच ठरवा. हॉलमार्कमध्ये वार्षिक ४० लाख रुपयांपर्यंत उलाढाल असलेल्या सराफांना सक्तीतून वगळलं. खेळण्यांना मानक सक्तीचं करणाऱ्या गुणवत्ता आदेशात हस्तकला विकास आयुक्तांकडे नोंदणी असलेल्या कारागिरांना सूट मिळाली. लहान हातांचा विचार नंतर करू म्हटलं, की आधी त्यांचंच काम बंद पडतं.

५. मोजायचं काय? किती दागिन्यांवर शिक्के मारले, हा कामाचा आकडा. बाजारातून उचललेल्या नमुन्यांपैकी किती कसाला उतरले, हा परिणामाचा. आराखड्यात दोन्ही लिहा, पण यशापयश दुसऱ्यावर ठरवा. पडताळणीचा एखादा मार्ग लोकांच्याही हातात द्या. आज अंगठीच्या आतल्या बाजूला तीन खुणा असतात: भारतीय मानक ब्यूरोचं चिन्ह, ‘२२के९१६’सारखी शुद्धता (२२ कॅरेट, हजारात ९१६ भाग सोनं) आणि सहा अक्षर-अंकांचा एचयूआयडी, म्हणजे त्या दागिन्याचा स्वतंत्र ओळख क्रमांक. हा क्रमांक ब्यूरोच्या ‘बीआयएस केअर’ ॲपमध्ये टाकला, की दागिना कुठे तपासला ते दुकानात उभ्या उभ्या कळतं.