सर्कसपटाचं रीळ सापडलं तर: आधी हुंगा, मग मोजा

कोठ्यात कुटाराशेजारी पडलेल्या टिनाच्या डब्यातून तंबूतल्या सिनेमाच्या काळातलं रीळ निघालं, की आधी प्रोजेक्टर शोधायचा मोह होतो. तो आवरा. आकसलेल्या फिल्मची छिद्रं दात्यांवर नीट बसत नाहीत आणि पहिल्याच खेळात फाटत जातात.

फिल्म ३५ मिमीची असेल तर आधी काठ वाचा. ‘सेफ्टी’ हा शब्द नसेल, तर ती नायट्रेट, म्हणजे भडकन पेटणारी जुनी फिल्म, समजूनच चाला. कोडॅकने नायट्रेट १९५१ मध्ये बंद केली. कुजलेली नायट्रेट ४१ अंशांच्या आसपासही आपोआप पेटू शकते, आणि मे महिन्यात आपल्याकडे टिनाखाली त्याहून जास्त तापतं. पेटली की पाण्याने विझत नाही. परीक्षा म्हणून तुकडा जाळू नका, डबा एसटीत नेऊ नका. घर आणि कुटार दोन्हींपासून लांब, गार सावलीत ठेवून पुण्याच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाला कळवा.

१६ मिमीला सहसा ही भीती नाही. तिथे नाक कामाला येतं. व्हिनेगरसारखा आंबूस वास आला, तर ॲसिटेट, म्हणजे या ‘सेफ्टी’ फिल्मची पट्टी, कुजायला लागलंय. वाफेने शेजारचे डबेही बिघडतात, म्हणून ते रीळ वेगळं काढा. मग टेबलावर फिल्म सरळ धरून १०० चौकटी (फ्रेम) मोजा: लांबी ७६२ मिमी हवी. ७५६ किंवा कमी भरली, तर प्रोजेक्टर विसरा, स्कॅनच करा.

पुसायला पाणी नको. चित्राचा थर जिलेटिनचा, तो फुगून चिकटतो. मऊ सुती कापडावर थोडं ९९ टक्क्यांचं आयसोप्रोपिल अल्कोहोल पुरे, तेही आधी टोकाला लावून बघा. आणि कूलरच्या खोलीत तर रीळ मुळीच ठेवू नका, बुरशी धरते. धाब्याच्या घरातली आतली, जाड भिंतीची खोली बरी.

कथा बेतास बात असली तरी संग्राहक असं रीळ सोडत नाहीत, कारण त्यातले वाघ-सिंहांचे खेळ आता रिंगणात दिसणार नाहीत: १९९८ च्या अधिसूचनेने ते बंद झाले, २००१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने बंदी कायम ठेवली. भाव ठरतो तो पूर्णतेवर. पहिल्या रिळाच्या तोंडाशी सेन्सॉर प्रमाणपत्र शाबूत असेल, तर त्यावरची लांबी ताडून बघा. ती लांबी ३५ मिमीच्या प्रतीची आणि तुमचं रीळ १६ मिमीचं असेल, तर ती अडीचने भागा. १६ मिमीचे ४०० फूट म्हणजे साधारण ११ मिनिटं. लांबी कमी भरली आणि सेलोटेपचे जोड नेमके वाघाच्या प्रसंगापाशी दिसले, तर तो तुकडा कुणीतरी आधीच कापून नेलेला असतो.