बांगडा, सुरमई, कुपा घेताना या चुका टाळा (सांगली-साताराकरांसाठी)

आपल्याकडं समुद्राचा मासा घाट चढून येतो, कुंभार्लीतनं नाहीतर आंबा घाटातनं, म्हणजे जाळ्यातनं निघून आपल्या पिशवीत पडेपर्यंत बराच वेळ गेलेला असतो. म्हणून भाव विचारायच्या आधी बर्फ बघा. मासा बर्फात गाडलेला पाहिजे, नुसता वरनं चुरा मारलेला नको.

बांगडा, सुरमई आणि कुपा म्हणजे ट्यूना, तिन्ही एकाच कुळातले. यांच्या मांसात हिस्टिडीन (प्रथिनातला एक घटक) भरपूर असतं, मासा गरम राहिला की बॅक्टेरिया त्याचं हिस्टामीन, म्हणजे ॲलर्जीसारखा त्रास देणारं रसायन, करतात आणि ते एकदा तयार झालं की तळा, उकळा, फ्रीजरला टाका, जात नाही. सगळ्यात मोठी चूक हीच, "जरा मऊ पडलाय, पण आगळ-मसाला लावून कडक तळू की". नका करू असं. वास येत नसला तरी हिस्टामीन असू शकतं. खाताना जिभेला मिरीसारखं चुरचुरलं तर तिथंच थांबा. खाल्ल्यावर थोड्या वेळात तोंड लाल होणं, डोकं ठणकणं, अंगाला खाज, धडधड असं झालं की लोक ॲलर्जी समजून मासा कायमचा सोडतात, पण दोष बऱ्याचदा त्या दिवशीच्या माशाचा असतो. त्रास झाला तर डॉक्टरांना काय खाल्लं ते नक्की सांगा, आणि श्वास अडकत असेल तर थेट दवाखाना गाठा.

मासा आधी घेऊन पिशवी गाडीच्या हँडलला अडकवायची आणि मग भाजी, किराणा करत फिरायचं, एप्रिलच्या उन्हात हे फार वाईट. मासा शेवटी घ्या, डब्यात बर्फ घालून आणा, घरी 4 अंशांच्या खाली ठेवा.

बांगड्याचं गलफडं उचलून बघा, आतून लालभडक पाहिजे, तपकिरी आणि चिकट असेल तर सोडा. पोट दाबल्यावर खड्डा राहायला नको. सुरमईच्या तुकडीत मांस काट्याला घट्ट धरलेलं असावं. अंगावर उभ्या नागमोडी पट्ट्या नसून ठिपके असले तरी ती सुरमईच, जात वेगळी, त्यावरनं भांडू नका. कुप्याचं मांस मात्र मुळातच गडद लाल असतं, खराब समजून टाकू नका.

1 जून ते 31 जुलै आपल्या किनाऱ्यावर यांत्रिकी बोटींना बंदी असते. तेव्हा कोणी "आजचीच सुरमई" म्हणाला तर कुठनं आली ते विचारा, फ्रोजन असेल तर फ्रोजन म्हणून घ्या, आणि सिंकमध्ये न ठेवता रात्रभर फ्रीजच्या खालच्या कप्प्यात वितळू द्या.